पास संपतो त्या रात्री: महिन्याचा ताव कसा ठेवावा

माझा भांडुप ते सीएसएमटी मासिक पास दर महिन्याच्या अकरा तारखेला संपतो. त्या रात्री जेवणं उरकली की मी टेबल मोकळं करते, कार्ट्रिज कागदाचा, म्हणजे चित्रकलेच्या जाड कागदाचा, एक ताव पसरते आणि त्यावर दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने पाडते. पाहिलं, केलं, आवडलं. सरलेल्या महिन्यात रस्त्यावर, पुस्तकात, कुणाच्या घरी काय बघून थांबले ते पहिल्या रकान्यात. हातून काय घडलं ते दुसऱ्यात. कोणत्या वस्तूंनी, जागांनी, चवींनी महिनाभर सोबत केली ते तिसऱ्यात. सात वर्षं हे चालू आहे. मी अक्षरांकनाचं काम करते. पुस्तकांची शीर्षकं, नाटकांच्या जाहिराती, पत्रिका, पाट्या. पण चित्र काढणाऱ्याला, शिवणाऱ्याला, मातीत काम करणाऱ्याला किंवा लिहिणाऱ्यालाही हा ताव तितकाच कामाचा आहे. कसा ठेवायचा, ते इथे सविस्तर सांगते.

आधी मी ताव का सुरू केला ते सांगायला हवं, कारण पुढचे सगळे नियम त्यातूनच आले.

गिरगावात फणसवाडीतून जाताना एका तीन मजली इमारतीच्या दर्शनी भिंतीवर चुन्यात उठवलेलं नाव होतं, ‘विलास’ या शब्दानं संपणारं. त्यातला ल मराठी वळणाचा, पाकळीचा. डावी पाकळी घट्ट मिटलेली, उजवी जराशी फुगीर, आणि देठ शिरोरेषेला टेकण्याआधी किंचित कललेलं. पावसाचं पाणी वर्षानुवर्षं शिरोरेषेवरून ओघळून बाकीच्या प्रत्येक अक्षराखाली काळा ओघळ उमटला होता. लखाली मात्र नव्हता. उजव्या पाकळीची कड कारागिरानं पुढे काढली होती आणि पाणी तिच्यावरून भिंतीला न लागता खाली पडत होतं. मी खाली उभी राहून बराच वेळ बघितलं, फोटो काढला आणि निघून गेले.

दीड वर्षानं एका मुखपृष्ठासाठी मला नेमका तो ल हवा होता. फोनमध्ये चार हजारांवर फोटो. दोन रात्री शोधल्यावर तो सापडला, तर केबलची वायर बरोबर उजव्या पाकळीवरून गेलेली. परत गेले तेव्हा इमारतीला हिरवी जाळी आणि खाली पत्रे लागले होते. नावाच्या जागी विटा दिसत होत्या. दुसरी पाकळी कशी वळली होती, हे मला आता कुणीही सांगू शकत नाही. तेव्हा पाच मिनिटं बसून हातानं काढला असता तर आज माझ्या बोटांत असता.

ताव, रकाने आणि तारीख

महिन्याची सुरुवात एक तारखेला करू नका. एक तारखेला पगार, भाडं, वाण्याचं बिल, दुधाचा हिशोब, मुलांच्या फिया सगळंच येतं आणि आपला ताव बाजूला पडतो. जी तारीख तुमच्या आयुष्यात आपणहून परत येते ती धरा. मुंबईकराला लोकलच्या पासाइतकी पक्की आठवण दुसरी नाही, कारण ती विसरली तर दंड बसतो. पास नसेल तर संकष्टी चालेल. चंद्रोदयाची वाट बघत घर जागं असतंच, त्या वेळात ताव भरून होतो. माझ्या ओळखीच्या एक कुंभारकाम करणाऱ्या बाई अमावास्या धरतात, त्या दिवशी त्या भट्टी लावत नाहीत म्हणून.

कागद जाड घ्या. साधारण १३० ते १५० जीएसएमचा कार्ट्रिज, ए-३ मापाचा, म्हणजे घडी घातल्यावर ए-४ च्या फाइलमध्ये बसतो. मस्जिद स्टेशनला उतरून अब्दुल रहमान स्ट्रीटला चालत गेलात तर कागद घाऊक भावात मिळतो. जुन्या मापानं एका दस्त्यात चोवीस ताव, म्हणजे एक दस्ता घेतला की दोन वर्षांची बेगमी झाली. वही का नाही, असं मला नेहमी विचारतात. वहीत मागचं पान झाकलं जातं. तावावर तिन्ही रकाने एका नजरेत येतात, आणि ही सगळी खटपट त्या एका नजरेसाठीच आहे.

रकाने सारख्या रुंदीचे पाडायची गरज नाही. माझा मधला सर्वांत रुंद असतो. वरच्या कोपऱ्यात तारीख, मराठी महिना आणि हवा लिहिते. ‘१२ जुलै ते ११ ऑगस्ट, आषाढ-श्रावण, शेवटचे नऊ दिवस संततधार.’ हवा का लिहायची, ते पुढे कागदाच्या जपणुकीत येईल.

महिनाभराची जमवाजमव मात्र तावावर होत नाही, खिशात होते. घरी आलेल्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून पत्त्याएवढी कार्डं करा. जाड असतात, उभ्यानं लिहिता येतं आणि गर्दीत पर्समधून काढायला सोपी. मी कार्डं रबरानं बांधून एक बुटकी पेन्सिल त्यातच खोचून ठेवते. सकाळच्या फास्टमध्ये काही लिहिता येत नाही, तो वेळ नुसता बघण्याचा. दुपारच्या स्लो लोकलमध्ये खिडकी मिळते, तेव्हा कार्डं भरतात.

पाहिलं

या रकान्यात महिन्याला पाच नोंदी. जास्त नाहीत. तीस कार्डं जमली तरी तावावर पाचच उतरवायच्या. निवड करताना मन आपोआप सांगतं कुठली गोष्ट अजून जिवंत आहे.

प्रत्येक नोंदीत चार गोष्टी हव्यात. तारीख, जागा, वेळ आणि ‘कशामुळे थांबले’. ‘सुंदर पाटी, दादर’ असं लिहिलंत तर तीन महिन्यांनी त्या नोंदीचा काडीचा उपयोग नाही. ‘रानडे रोड, संध्याकाळी साडेसहा, रंगवलेल्या पाटीवरच्या श्रीच्या वेलांटीचं टोक शेजारच्या दुकानाच्या छपराखाली शिरलं आहे, पाटी आधीची की छप्पर?’ असं लिहिलं तर ती नोंद पुढे काम देते. प्रश्न पडला असेल तर तोही लिहा. उत्तर शोधायला कुणी सांगत नाही.

हातानं आधी काढा, फोटो नंतर. पाच मिनिटांचं घड्याळ लावा. चित्र वाईट आलं तरी चालेल, कारण हात जिथे अडतो तिथेच ती वस्तू काय करते आहे ते कळतं. फणसवाडीच्या त्या लचं मला कळलेलं सगळं नुसत्या बघण्यातून आलं होतं. हातानं काढला असता तर देठ नेमकं कुठल्या बाजूला कललं होतं, हे मला आज ठामपणे सांगता आलं असतं.

रंगवलेली पाटी असेल तर खालचा उजवा कोपरा बघायला विसरू नका. तिथे बारीक अक्षरात पेंटरचं नाव असतं. ते कार्डावर उतरवून घ्या आणि पुढे त्या पाटीवरून काही केलंत तर त्यांचं नाव लावा. माणसांचं रेखाटन किंवा फोटो असेल तर विचारा. फुलवाल्या मावशी, भाजीवाले, हमाल सहसा नाही म्हणत नाहीत, पण विचारल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर येणारा भाव न विचारता काढलेल्या फोटोत कधीच येत नाही.

कुठे जायचं? मुंबई प्रत्येक महिन्यात आपणहून काहीतरी रस्त्यावर मांडते, ते घ्यायचं. चैत्रात गुढीपाडव्याला गिरगावची शोभायात्रा आणि तिच्या आदल्या रात्री रस्त्यावर घातलेल्या रांगोळ्या. एप्रिल-मेमध्ये मी क्रॉफर्ड मार्केटला आंब्याच्या पेट्या बघायला जाते. १८६९ सालची ती मंडई, आता महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाची. पेट्यांवर स्टेन्सिलनं छापलेली अक्षरं असतात. स्टेन्सिल कापताना अक्षराच्या पोटातला भाग सुटून पडू नये म्हणून मध्ये पट्टी सोडावी लागते. ‘देवगड’मधल्या वचं पोट पूर्ण बंद, त्यामुळे तिथे पट्टी लागतेच. ती कुठे सोडायची यात प्रत्येक कापणाऱ्याचा हात वेगळा दिसतो. कुणी वच्या वळणाला छेदून सोडतो, कुणी दंडाकडून, म्हणजे उभ्या रेघेकडून. एका मे महिन्यात मी अशा अकरा तऱ्हा काढल्या आणि पुढचं वर्षभर अक्षराचं पोट आणि त्याचा आधार यांचाच विचार डोक्यात होता.

भाद्रपदाच्या आधी लालबाग-परळच्या गणपतीच्या कार्यशाळा. तिथे डोळ्यांची आखणी चालू असताना अंतर राखून, न बोलता उभं राहायचं. कलाकार श्वास कधी रोखतो आणि कधी सोडतो ते बघा. डोळ्याच्या बाहुलीची वक्ररेषा तो एका श्वासात संपवतो. लांब वेलांटी काढताना मी आता तसंच करते. आश्विनात माहीमची आकाशकंदिलांची कंदील गल्ली. काळा घोडा महोत्सव १९९९ पासून फेब्रुवारीत भरतो. तिथली गर्दी मला सोसत नाही, मी आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी एक फेरी मारते आणि जहांगीर आर्ट गॅलरीत शिरते. १९५२ सालची ही गॅलरी, आत जायला पैसे लागत नाहीत. त्यामुळे दहा मिनिटांसाठी एकाच चित्रासमोर उभं राहून बाहेर पडता येतं. तिकीट काढलं की सगळं बघून वसूल करायची घाई होते, ती तिथे नसते.

रस्त्यावर भटकणं जमत नसेल त्या महिन्यासाठी छपराखालच्या दोन जागा सांगते. एक भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, राणीच्या बागेला लागून, १८७२ साली लोकांसाठी खुलं झालेलं. तिथे मातीच्या लहान मूर्तींमध्ये जुन्या मुंबईतले लोक, त्यांचे धंदे, पगड्या आणि नेसणं बारकाईनं घडवलेलं आहे. एका कपाटासमोर अर्धा तास दिला तर एका महिन्याच्या पाचही नोंदी होतात. दुसरी जागा दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ साली स्थापन झालेलं. जुने दिवाळी अंक चाळा. १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा. मुखपृष्ठं सगळेच बघतात, तुम्ही आतल्या जाहिरातींची अक्षरं बघा. तेल, साबण, शाई, चहा यांच्या नावांना दिलेली वळणं आजही ताजी वाटतात.

एकच गोष्ट वेगवेगळ्या वेळी बघण्याचाही महिना करता येतो. दादरचा फुलबाजार पहाटे पाचला आणि सकाळी अकराला. पहाटे झेंडूचे ढीग दिव्यांच्या पिवळ्या उजेडात एकाच रंगाचे दिसतात, अकराला तेच ढीग केशरी, लिंबोणी आणि कडेनं काळपट असे तीन रंगांत वेगळे होतात. रंगाचं काम करणाऱ्यांनी हे एकदा तरी करावंच.

केलं

महिन्याला एकच मनाचं काम. पोटाचं काम, म्हणजे ऑर्डर, कमिशन, कार्यालयातलं काम, हे याच रकान्यात खाली बारीक अक्षरात लिहायचं, फक्त नाव आणि किती तास गेले ते. तासांची बेरीज बघितली की पुढच्या महिन्यात मनाच्या कामाला किती जागा आहे हे स्पष्ट दिसतं. मी ही बेरीज पहिल्यांदा केली तेव्हा मनाच्या कामाला महिन्याकाठी जेमतेम अकरा तास मिळत होते. अकरा तासांत बसेल एवढंच काम धरायला त्यानंतर शिकले.

मनाचं काम निवडताना तीन कसोट्या लावा. मागच्या तावाच्या ‘पाहिलं’मधल्या एखाद्या नोंदीतून ते निघालेलं असावं. चार रविवारांत ते पुरं होणारं असावं. आणि सुरू करण्याआधी ते कुणाला द्यायचं त्या माणसाचं नाव तावावर लिहिलेलं असावं. तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची. ज्या कामाला घेणारा आहे ते पुरं होतं. मावशीच्या नव्या घराची पाटी, शेजारच्या मुलीच्या बारशाची पत्रिका, सोसायटीच्या सत्यनारायणाच्या पूजेचा फलक. घेणारा मोठा असायला नको, पण खरा हवा.

माझ्या गेल्या वर्षीच्या एका महिन्याचं उदाहरण पूर्ण सांगते, म्हणजे कसं चालतं ते कळेल.

महाराष्ट्रातल्या दुकानांच्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती होऊन लहान दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची झाली. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ च्या सप्टेंबरमध्ये दोन महिन्यांची मुदत दिल्यावर मुंबईत भराभर नव्या पाट्या लागल्या. मराठी अक्षरं रस्त्यावर इतक्या संख्येनं आली याचा मला मनापासून आनंद आहे. पण बऱ्याच पाट्या कॉम्प्युटरमधल्या तयार फॉन्टच्या आहेत आणि त्यांत ल दंडाचा, श गाठीचा, हिंदी वळणाचा दिसतो. मराठी हाताला सवय आहे ती पाकळीच्या लची आणि शेंडीफोड्या शची. म्हणून मी ‘पाहिलं’मध्ये भांडुप ते मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावरचे ल मोजले आणि मनाचं काम ठरवलं: पाकळीच्या लच्या बारा तऱ्हा. घेणारा होता आमच्या गल्लीतला लाँड्रीवाला, ज्याच्या नव्या पाटीत ल दोनदा येत होता.

पहिला आठवडा नुसता जमवण्यात गेला. घरातली जुनी पुस्तकं, आजीची पोथी, एका एसटी बसवरचा गावाचा फलक, गिरगावातल्या एका खानावळीची पाटी. प्रत्येकाचा ल पोस्टकार्डाएवढ्या कागदावर हातानं उतरवला. दुसऱ्या आठवड्यात कच्ची कामं, पेन्सिलनं, मोठ्या आकारात. इथे एक गोष्ट उमगली. दोन पाकळ्या सारख्या काढल्या की अक्षर डोळ्यांना जड वाटतं आणि शिरोरेषेवर लटकल्यासारखं दिसतं. एक पाकळी किंचित लहान केली की ते उभं राहतं. फणसवाडीच्या कारागिरानं डावी पाकळी मिटली होती ती यासाठी असावी. तिसऱ्या आठवड्यात बाराच्या बारा शाईत उतरवले. चौथ्या रविवारी लाँड्रीवाल्यासमोर मांडले. त्यानं सगळ्यांत साधा निवडला, नववा. त्यावरून पाटी रंगवून घेतली. अजून लागलेली आहे.

काम अर्धं राहिलं तर ‘अर्धं’ असं लिहा आणि नेमकं कुठे थांबलात ते लिहा. ‘शाई संपली’, ‘घेणाऱ्यानं विचार बदलला’, ‘तिसरा रविवार लग्नात गेला’. माझ्या चौऱ्याऐंशी तावांतले एकवीस अर्धे आहेत. तीन तावांवर फक्त तारीख आहे, ते आईच्या आजारपणाचे महिने. तेही फाइलमध्ये आपापल्या जागी लावलेले आहेत.

आवडलं

या रकान्यात लोक सर्वांत जास्त घोळ घालतात. नव्यानं घेतलेल्या वस्तूंची यादी होते. माझा नियम असा की या महिन्यात किमान दहा वेळा हातात, तोंडात किंवा कानात आलेली गोष्टच इथे लिहायची. महिन्याला तीन. एक अवजार, एक खाण्यापिण्याचं आणि एक जागा किंवा आवाज. अवजाराची किंमत आणि कुठून घेतलं तेही लिहायचं, कारण ते संपल्यावर किंवा तुटल्यावर हीच नोंद शोधली जाते.

माझ्या गेल्या काही तावांतून काही नोंदी देते. अवजारात: गोलाकार पाठीची जुनी स्टीलची पट्टी, जिच्यावरून शाईचा पेन सरकवला तरी शाई खाली ओढली जात नाही. जलरोधक काळी ड्रॉइंग शाई, मुंबईत १९३१ साली शाईपासूनच सुरू झालेल्या कॅम्लिनची, कारण तिच्यावरून नंतर पाण्याचा रंग फिरवता येतो. खाण्यात: फोडणीचा भात, उरलेल्या भाताचा, वर कच्चा कांदा. डबा न उघडता नुसत्या वासावर दुपारचा एक तास काम पुढे जातं. जागेत: सीएसएमटीच्या लांब पल्ल्याच्या फलाटांकडच्या बाकावरून दिसणारं छप्पर. आवाजात: पहाटे कबुतरांच्या आधी वाजणारी दुधाच्या पिशव्यांची क्रेट.

आणि बोरू, म्हणजे बोरू नावाच्या गवताच्या कांड्याची लेखणी. हे अवजार माझ्या तावांत सर्वांत जास्त वेळा आलं आहे, म्हणून ते कसं घडवायचं ते नीट सांगते. तयार बोरू कलासाहित्याच्या दुकानात मिळतो, पण स्वतः कापलेल्याची गोष्ट वेगळी.

पेन्सिलीएवढं जाड, वीतभर लांब, सरळ आणि पूर्ण वाळलेलं कांडं घ्या. थोडा वेळ पाण्यात ठेवून पुसा, म्हणजे कापताना चिरत नाही. धारदार चाकूनं एका टोकाला लांब तिरका काप द्या, दीड-दोन इंचांचा, म्हणजे टोक चमच्यासारखं उघडतं. आतला भुसभुशीत गर खरवडून काढा, तो राहिला तर शाई तिथेच शोषून घेतली जाते. आता दोन्ही बाजू तासून टोक हवं तेवढं रुंद ठेवा. सुरुवातीला पाच मिलिमीटर ठेवा, चुका दिसतात. पातळ ब्लेडनं टोकापासून मागे साधारण सेंटीमीटरभर मधोमध चीर द्या, शाई याच चिरेतून उतरते. शेवटचा काप सगळ्यांत महत्त्वाचा. टोक जुन्या फरशीच्या तुकड्यावर ठेवा आणि चाकू एकदाच, जोर देऊन, थोडा तिरका दाबा. दोनदा दाबलात तर कडेला पायरी येते आणि रेघ फाटते.

उताराची दिशा नीट बघा. रोमन सुलेखनासाठी कापलेल्या निबेचा उतार देवनागरीला उलटा पडतो, म्हणून बाहेरचे चपटे निब घेऊन मराठी लिहिताना अक्षर अनोळखी दिसतं. तपासायची खूण अशी. उजवीकडून डावीकडे खाली येणारी तिरकी रेघ जाड आली आणि डावीकडून उजवीकडे खाली जाणारी बारीक, तर उतार बरोबर. मग बारीक पॉलिश पेपरवर टोक दोनदा ओढा आणि शाईत बुडवा. पहिल्या दहा रेघा खराब येतील. अकरावी रेघ कागदावर चढली की बोरूचा खर्रखर्र आवाज येतो, आणि तो येईपर्यंत मी कधी काम सुरू करत नाही.

आडव्या रेघा

ताव भरून झाला की लाल पेन्सिल घ्या. ‘पाहिलं’मधली एखादी गोष्ट ‘केलं’मध्ये उतरली असेल तर दोघांना जोडणारी आडवी रेघ मारा. ‘आवडलं’मधल्या अवजारानं ते काम झालं असेल तर तिथपर्यंत न्या. हे काम दहा मिनिटांचं, पण सबंध तावाचा जीव यातच आहे. तीन महिने लागोपाठ एकही रेघ निघाली नाही तर दोन गोष्टी संभवतात. तुम्ही बघता एक आणि करता दुसरंच, तेव्हा मनाचं काम बदला. किंवा रोज एकाच रस्त्यानं जाता. तेव्हा स्टेशनला जायची गल्ली बदला, एक स्टेशन आधी उतरा, पुलाच्या दुसऱ्या टोकानं खाली या.

उलट, एखाद्या जुन्या तावावरची नोंद आठ-दहा महिन्यांनी कामाला येते. तेव्हा जुना ताव काढून त्यावर त्या नोंदीसमोर नव्या महिन्याची तारीख टाका. माझी सर्वांत लांब रेघ एकतीस महिन्यांची आहे. मशीद बंदरच्या एका गोदामाच्या दारावर खडूनं लिहिलेले हमालांचे हिशोबाचे आकडे, ज्यांतला ९ उलट्या सुपासारखा होता. त्यावरून पुढे एका नाटकाच्या जाहिरातीतले प्रयोगाचे आकडे काढले.

उरलेल्या कार्डांपैकी दोनच पुढच्या महिन्यात न्या. बाकीची त्या महिन्याच्या लिफाफ्यात घालून तावाच्या मागे ठेवा. सगळी पुढे नेलीत तर तीन महिन्यांत कार्डांचा गठ्ठा होतो आणि बघणं थांबतं.

एखाद्या मैत्रिणीबरोबर तावांची अदलाबदल करता आली तर जरूर करा. माझी एक मैत्रीण अंधेरीला मुलांच्या कपड्यांवर भरतकाम करते. दर महिन्याला आम्ही दादरच्या पुलावर भेटतो, उभ्याउभ्या एकमेकींचा ताव वाचतो आणि दुसरीच्या तावावर पेन्सिलनं एकच रेघ मारतो. ती जोडते त्या गोष्टी मला स्वतःहून कधीच दिसल्या नसत्या.

पावसाळा आणि जपणूक

जून ते सप्टेंबर मुंबईतला कागद हवेतलं पाणी पितो. ताव लहरी होतो, शाई धाग्यांतून पसरते आणि रेघेला केस फुटतात. म्हणूनच कोपऱ्यात हवा लिहायची. संततधारेच्या दिवशी उतरवलेलं काम नंतर बघताना चूक हाताची होती की हवेची, हे कळतं. पावसाळ्यात लागणारे ताव मे महिन्यातच आणा, सपाट पेटीत ठेवा आणि सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका. औषधांच्या डब्यांतून आणि नव्या चपलांच्या खोक्यांतून येतात त्या जमवलेल्या चालतात, दर महिन्याला गरम तव्याजवळ ठेवून सुकवून घ्यायच्या. लिहिण्याआधी ताव पंख्याखाली नको, टेबल लॅम्पखाली दहा मिनिटं ठेवा.

तावावर तिकिटं, पावत्या चिकटवायचा मोह आवरा. मशीनमधून निघणारं बसचं तिकीट, दुकानाची पावती हे थर्मल कागदाचे असतात आणि उष्णतेनं, उजेडानं, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्यानंही कोरे होतात. माझ्या पहिल्या वर्षीच्या तावांवर अशी सतरा कोरी पांढरी चिटोरी आहेत. त्यावरचा मजकूर त्याच दिवशी पेन्सिलनं तावावर उतरवा. लॅमिनेशन करू नका, आत अडकलेल्या दमटपणानं पिवळे डाग पडतात. गहू पिठाची खळही टाळा, तिच्यावर कसर येते.

फाइल भिंतीला टेकवून ठेवू नका, विशेषतः बाथरूमच्या बाजूच्या भिंतीला. आमच्या घरी ती कपाटाच्या वरच्या खणात, जुन्या सुती साडीत गुंडाळलेली असते. ऑक्टोबर हीटचा पहिला कोरडा रविवार आला की गॅलरीत दोरी बांधून वर्षाचे बारा ताव कपड्यांच्या चिमट्यांनी वाळत घालते, उन्हात नाही, सावलीत. दुपारभर ते हलत राहतात. मागच्या ऑक्टोबरमध्ये त्यातला श्रावणाचा ताव वाचताना लाँड्रीवाला खाली उभा राहून विचारत होता, माझा ल कुठला? मी नववा दाखवला. तो म्हणाला, पुढच्या दिवाळीला दुकानाच्या आतही एक पाटी हवी आहे, ‘उधारी बंद’ लिहिलेली. या महिन्याच्या तावावर मधल्या रकान्यात त्याचं नाव लिहून झालं आहे.